८६ होय, २८ नाही, ४ कोऱ्या : सोलापुरातल्या एका बाप्टिस्ट मंडळीची पाळकनिवड

उपासना संपून दीड तास झाला होता. अर्पणाच्या दोन मखमली पिशव्यांतल्या चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या आणि महिला मंडळाच्या खजिनदार मावशी आणि मी, दोघांनी मिळून त्या तीनदा मोजल्या. एकूण ११८. 'होय' ८६, 'नाही' २८ आणि चार कोऱ्या.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, घटनेत एक ओळ आहे : मुख्य पाळकाला (धर्मगुरूला) बोलावणं पाठवायचं तर 'हजर राहून मतदान करणाऱ्या' सभासदांपैकी तीन-चतुर्थांश मतं हवीत. ११८चे तीन-चतुर्थांश साडेअठ्ठ्याऐंशी, म्हणजे ८९ मतं. तीन कमी पडत होती. पण कोरी चिठ्ठी टाकणाऱ्यानं मतदान केलं असं म्हणायचं का? नाही म्हटलं तर आकडा ११४वर येतो, त्याचे तीन-चतुर्थांश साडेपंच्याऐंशी, आणि ८६ मतं पुरतात. काठावर का होईना, पुरतात.

मे महिना होता. पंखे फिरत होते, पण गरम वाराच इकडचा तिकडे करत होते. लोक बाकांवरून उठायला तयार नव्हते. निवड समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे सगळ्यांत ज्येष्ठ डीकन (मंडळीचा कारभार बघणारे सेवक). ते माझ्याकडे बघत होते, कारण चिटणीस मी होतो आणि घटनेची फाईल माझ्या मांडीवर होती.

या प्रकरणाची हकिगत मी लिहून ठेवतोय ती इतर छोट्या मंडळ्यांना उपयोगी पडावी म्हणून. मंडळीचं आणि माणसांचं नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील फिरवलेत, पण आकडे आणि चुका आहेत तशाच ठेवल्यात. चुकांपैकी बऱ्याच माझ्या आहेत.

आमच्यात बिशप नाही

सोलापुरात प्रोटेस्टंट ख्रिस्ती म्हटलं की बहुतेकांना अमेरिकन मराठी मिशनची परंपरा आठवते. ती परंपरा पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि हे चर्च झालं. उत्तरेकडचे काही बाप्टिस्टही त्यात गेले. आमची मंडळी गेली नाही. आम्ही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाही. ज्याला स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करता येतो त्यालाच देतो, तोही पूर्ण पाण्यात बुडवून. आणि प्रत्येक मंडळी आपली आपण मालक असते. वर बिशप नाही, बदलीचा हुकूम नाही. पाळक गेला तर दुसरा शोधायचा तो सभासदांनीच, आणि नेमायचा तोही त्यांनीच.

मी रेल्वेत ३४ वर्षं काढली, सोलापूर डिव्हिजनच्या ऑफिसात. बदलीचा कागद आला की साहेब बदलायचा. चांगला आला तर पेढे, वाईट आला तर तीन वर्षं दम धरायचा. माणूस आपण निवडायचा असतो ही सवयच नव्हती. मला वाटतं आमच्या मंडळीतल्या बहुतेकांना नव्हती. घटना बाप्टिस्ट होती आणि आम्ही बदलीच्या कागदाची वाट बघणारे.

मंडळी म्हणजे दोन उपासना. सकाळी साडेसातला तेलुगू, दहाला मराठी. तेलुगूवाले बहुतेक पूर्व भागातले. त्यांचे आजे-पणजे महबूबनगर, नलगोंडाकडून पोटासाठी सोलापुरात आले. जुनी गिरणी सुरू झाली १८७७ साली, आणि मग माणसं येतच राहिली. तिकडे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचं काम मोठं. ओंगोलला जुलै १८७८मध्ये एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला, ही गोष्ट आमच्या तेलुगू घरांत अजून काल घडल्यासारखी सांगतात. मराठीवाले म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले, शिक्षक, नर्स, रेल्वेवाले. माग चालवणारे आणि विड्या वळणारे साडेसातला, पेन्शन घेणारे दहाला, असं आमच्यातला एक टवाळ म्हणतो. ते अगदी खोटं नाही.

तेलुगू उपासना सहायक पाळक चालवतात. वय ५८. आठवडाभर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, आणि रविवारी पुलपिटावर, उपदेशाच्या व्यासपीठावर. त्यांना सगळे अय्यगारू म्हणतात, हे तेलुगूतलं आदराचं संबोधन. मुख्य पाळकांना म्हणायचे पाळकसाहेब. या दोन शब्दांत आमच्या प्रकरणाचं अर्धं मूळ होतं, पण ते मला फार उशिरा दिसलं.

पहिली फेरी

पाळकसाहेब २६ वर्षं सेवा करून ख्रिसमसनंतर निवृत्त झाले. चादर, घड्याळ, भाषणं, रडारड, सगळं रीतसर झालं. त्यानंतर कुणी काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. त्यांच्या मुलाचा पिंपरीतला फ्लॅट तयार नव्हता, म्हणून ते जुलैपर्यंत पाळकनिवासातच राहिले. माणुसकीनं ते बरोबरच होतं. पण कुणी वारलं की त्यांनाच बोलावणं जायचं, भांडण मिटवायला त्यांनाच. मंडळीला पाळक नाही, हे मंडळीला जाणवलंच नाही. नवा माणूस मे महिन्यात निवडून आला असता, तर त्याला राहायला कुठं ठेवणार होतो हे आजही मला सांगता येणार नाही.

समिती सात जणांची. तीन डीकन, मी, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक तरुण इंजिनियर आणि महिला मंडळानं आवाज उठवल्यावर घेतलेल्या खजिनदार मावशी. पूर्व भागातला एकच डीकन होता. तो सभेत फार बोलत नसे. आम्ही त्याच्या गप्प बसण्याला संमती समजत होतो.

जाहिरात कसली, पुण्याच्या, पाळक घडवणाऱ्या सेमिनऱ्यांना पत्रं पाठवली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरवला. १९ अर्ज आले. काहींवर माईक धरून, मूठ वर करून काढलेले फोटो होते. दोघांच्या नावामागं डॉक्टर होतं आणि पदवी कुठली ते कुठंच नव्हतं. एकानं लिहिलं होतं, माझ्याकडे परदेशी देणगीदार आहेत. आमच्या ट्रस्टला परदेशी पैसा घेण्याची नोंदणीच नाही. ती असली तरी परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच ठरलेल्या शाखेतून यावा लागतो. हे त्या गृहस्थांना फोनवर सांगितल्यावर त्यांचा उत्साह मावळला.

उरले चार. त्यांतला एक सगळ्यांना भावला. वय ३४, नगरकडचा, पुण्यात बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) केलेला, बायको पुण्यात नर्स. शनिवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं आला, रविवारी उपदेश केला, सोमवारी पहाटेच्या हुतात्मानं परत. ३२ मिनिटं बोलला. मी घड्याळ लावून ऐकतो, जुनी खोड आहे. एकही वाक्य फुकट गेलं नाही. शेवटचं भजन 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकातलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, आणि तो पुस्तक न उघडता म्हणत होता. दहाच्या उपासनेतल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले.

शनिवारी रात्री समितीनं त्याच्याशी बोलणं केलं होतं. मी बारा प्रश्नांचा कागद केला होता : शिक्षण, शिकवण, दशांशाबद्दल (कमाईचा दहावा भाग देण्याबद्दल) मत, पगाराची अपेक्षा, असे. तेराव्या प्रश्नाचं उत्तर त्यानंच न विचारता दिलं. दोन उपासनांची एक करावी, वर्षभरात, मराठीत. त्याचं कारण खोटं नव्हतं. तेलुगू घरातली पोरं घरी तेलुगू बोलतात, पण वाचता येतं मराठीच, शाळा मराठी ना! पंचविशीच्या आतली मुलं साडेसातला येतच नाहीत. दहालाही अर्धीच येतात.

आम्हाला ते पटलं. आणि आम्ही ठरवलं की मतदान होईपर्यंत हे बाहेर सांगायचं नाही. माझ्या इतिवृत्तात ते वाक्य आहे : 'सदर विषय तूर्त समितीपुरता मर्यादित ठेवावा.' हस्ताक्षर माझं.

मतदान तीन आठवड्यांनी होतं. आदल्या रात्री आठ वाजता पूर्व भागात ती बातमी पोचली होती. कुणाकडून ते मी शोधलं नाही.

'पाहुणे मूळचे कुठले?' हा प्रश्नही त्या तीन आठवड्यांत फिरला. सोलापुरात हा प्रश्न विचारणाऱ्याला गावाचं नाव नको असतं. मंडळीत जात नाही असं आम्ही पुलपिटावरून सांगतो आणि लग्नं जुळवताना विसरतो. २८ 'नाही'पैकी किती उपासनेमुळे आणि किती त्या प्रश्नामुळे, ते सांगता येणार नाही. चिठ्ठीवर कारण लिहायची सोय नसते.

कोऱ्या चार चिठ्ठ्या

तर टेबलावर चिठ्ठ्या, मांडीवर फाईल. मी मोबाईल काढला. १८६३ साली अमेरिकेत न्यू बेडफर्ड गावच्या बाप्टिस्ट चर्चमधली एक सभा चालवायला हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनियरला बसवलं होतं. सभा हाताबाहेर गेली. तो इतका ओशाळला की सभाशास्त्राच्या अभ्यासालाच लागला, आणि १८७६ साली त्याची नियमांची पोथी छापून आली. अमेरिकेतल्या कितीतरी बाप्टिस्ट सभा आज तिच्यावरच चालतात. तिच्यात कोरी चिठ्ठी म्हणजे रद्दीचा कागद. मोजायची नाही.

मी उठून तसं सांगितलं. माझ्या बोलण्यात जिंकल्याचा सूर होता असं मावशी नंतर म्हणाल्या. मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "अमेरिकेतला नियम इथं कशाला?" आणि ते बरोबरच होतं, कारण आमच्या घटनेत त्या पोथीचा उल्लेखही नाही. एक काका म्हणाले, कोरी चिठ्ठी म्हणजे 'मला पटलेलं नाही पण भांडायचंही नाही', तीही मोजा. दुसरे म्हणाले, मग ती 'नाही'त का घालता? अर्धा तास असाच गेला. अध्यक्षांनी प्रार्थना करून सभा तहकूब केली. संध्याकाळी समितीनं पाच विरुद्ध दोन असं ठरवलं की उमेदवार निवडून आला. पाचांत मी होतो.

उमेदवाराला फोन मीच केला. अभिनंदन म्हणालो. त्यानं आकडे विचारले. मी सांगितले. मग त्यानं विचारलं :

"काका, ते अठ्ठावीस जण सगळीकडचे आहेत, की एका बाजूचे?"

मी म्हणालो, बहुतेक पूर्व भागातले.

"साडेसातचे?"

"हो."

तो जरा वेळ गप्प होता. मागं त्याच्या बायकोचा आवाज येत होता, कुकरची शिट्टीही. मग म्हणाला, "काका, माफ करा. मी एकाच उपासनेचा पाळक होऊन येऊ शकत नाही. आणि त्यांना हे माझ्या तोंडून कळायला हवं होतं."

आमच्या बारा प्रश्नांत नव्हता तो प्रश्न त्यानं एका वाक्यात विचारला होता. असा माणूस आम्ही घालवला, याचं मला अजून वाईट वाटतं. तो पाळक म्हणून चांगलाच झाला असता. त्याला आमच्याकडे चुकीच्या दारानं आणलं गेलं.

मधला काळ

पुढचे तीन महिने वाईट गेले. महिन्याचं अर्पण ६२ हजारांच्या आसपास असायचं ते ४४ हजारांवर आलं. साडेसातच्या उपासनेनं आपली वर्गणी वेगळी जमवायला सुरुवात केली. पुण्याहून दर आठवड्याला कोणी ना कोणी उपदेशाला यायचं. त्यांचं तिकीट, जेवण, पाकीट यांत बाकीचे पैसे जायचे. मराठीवाले म्हणायचे, ते लोक ऐकत नाहीत. तेलुगूवाले म्हणायचे, आम्हाला घालवायचा डाव आहे.

ऑगस्टमध्ये मी आणि मावशी एका घरी भेटायला गेलो. पूर्व भागातलं घर, दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत तीन बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. घरातल्या आजी पत्र्याच्या मापानं पानं कापत होत्या. हात थांबत नव्हते आणि बोलणंही. मी विचारलं, तुम्हाला कसा पाळक हवा? आजींनी एक पान ओलं फडकं लावून मऊ केलं, कापलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "कसा पायजे ते आमाला आधी कोण विचारलंच नाही की. डायरेक होय का नाही म्हणून चिठ्ठी दिलेत."

परतताना अय्यगारूंच्या कारखान्यावर थांबलो. त्यांनी मागाच्या आवाजातून बाहेर येऊन चहा सांगितला. मी त्यांना धीर करून विचारलं, तुमच्या मनात होतं का मुख्य पाळक व्हायचं? ते हसले. "मला नको होतं. माझं शिक्षण नाही तेवढं, वय पण झालं. पण विचारायला पाहिजे होतं, साहेब." त्यांनी मला साहेब म्हटलं. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा, एवढाच फरक. मी त्यांच्या उपासनेला आयुष्यात दोनदा गेलो होतो.

समिती मोडून नवी केली. नऊ जण : साडेसातचे चार, दहाचे चार आणि अय्यगारू. तीन बायका, दोघे तिशीच्या आतले. मी चिटणीस राहिलो, कारण दुसरं कुणी लिहायला तयार नव्हतं. सहा आठवडे जोडीजोडीनं, एक साडेसातचा आणि एक दहाचा, घरोघर गेले. विचारायचे प्रश्न तीनच. मागच्या पाळकसाहेबांचं काय आठवतं? पाळकानं कुठली गोष्ट कधीच करू नये? आणि तुमच्या घरात अडचण आली तर तुम्ही आधी कुणाला फोन कराल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर साडेसातच्या घरांतून जवळजवळ सगळीकडे एकच आलं : अय्यगारूंना.

मग चार पानांचं टिपण केलं, 'मंडळीची ओळख'. त्यात सगळं लिहिलं. यादीवर सभासद २१४. साडेसातला साधारण ७०, दहाला ८५. दोन्हींत मिळून पंचविशीच्या आतले ३१. छत पश्चिमेकडून गळतं. कंपाउंडच्या भिंतीचा दावा अकरा वर्षं कोर्टात आहे. साऊंड सिस्टिमचं कर्ज बाकी. आणि मागच्या मतदानाचे आकडे, ८६-२८-४, कारणासह. डीकन म्हणाले, हे वाचून कोण येईल? अर्ज सातच आले, हे खरं. पण त्या सातांत माईकवाला फोटो एकही नव्हता.

पगार

सगळ्यांत जास्त वेळ पगारावर गेला, आणि यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण मंडळ्या हा विषय प्रार्थनेत गुंडाळून ठेवतात.

पाळकसाहेबांना १६ हजार आणि घर होतं. अय्यगारूंना सहा हजार मानधन. दोन्ही आकडे वर्षानुवर्षं तेच. सभेत एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, ही सेवा आहे, नोकरी नव्हे. पुढे म्हणाले, विल्यम केरी बघा. आमचाच, बाप्टिस्ट. १७९३ साली बंगालात आला, मराठीचं व्याकरण छापलं १८०५ साली. तो इंग्लंडात मोल्टन गावच्या लहान मंडळीचा पाळक होता तेव्हा जोडे शिवून पोट भरायचा. त्यानं कधी पगार मागितला का?

माहिती बिनचूक होती. अय्यगारू मागच्या बाकावर बसले होते. सभेत ते पहिल्यांदाच उठून बोलले. "त्यानं जोडे शिवले, कारण मंडळीचा पगार पुरत नव्हता. मी माग चालवतो, त्याच कारणानं."

त्यानंतर आकडेमोड सोपी झाली. शाळेची फी, किराणा, गॅस, पेट्रोल, औषधं असा चौघांच्या कुटुंबाचा महिना मावशींनी फळ्यावर मांडला. २५ हजार, घर, लाईट बिल आणि कुटुंबाचा आरोग्य विमा असं ठरलं. अय्यगारूंचं मानधनही वाढवून दहा हजार केलं. रोख तूट येत होती तेरा हजारांची. चार हजार पाहुण्या उपदेशकांच्या खर्चातून वाचणार होते. उरलेल्या नऊ हजारांसाठी तीस घरांनी महिना तीनशे रुपये जास्त द्यायचं लिहून दिलं. त्या तिसांत विड्या वळणाऱ्या आजींचं घर होतं.

दुसरी फेरी

ज्याला बोलावलं तो ४६ वर्षांचा. जन्म भिवंडीचा, यंत्रमागवाल्या तेलुगू घरातला, शाळा मराठी, आणि बारा वर्षं कर्नाटकातल्या एका मंडळीत सहायक. एका रविवारपुरता बोलावला नाही. शुक्रवार ते शुक्रवार, बायकोसह, आठ दिवस ठेवला.

त्याचा उपदेश पन्नास मिनिटं चालला. मला मध्ये एकदा डुलकी लागली. मुद्दे चांगले होते, पण तो प्रत्येक मुद्द्याला पोचून परत मागं जायचा. दुसऱ्या रात्री अय्यगारू त्याला कारखान्यात घेऊन गेले, मीही गेलो. आवाजात काही ऐकू येत नव्हतं. एका मागाचा धागा तुटला आणि माग थांबला. पाहुण्यानं वाकून दोन टोकं धरली, बोटांत काय केलं ते दिसलं नाही, गाठ मारून माग चालू केला. कामगार हसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही गोष्ट साऱ्या पूर्व भागात झाली होती. धागा जोडता येणं ही पाळकाची पात्रता नव्हे, असं मी समितीत म्हणालो. कुणी ऐकलं नाही. गेल्या वेळी भजन पाठ असल्यावर आम्ही भाळलो होतो, या वेळी गाठीवर.

त्याच्या पत्नी शिक्षिका आहेत. महिला मंडळाच्या बैठकीत त्यांनी सरळ विचारलं, "नेमणूक यांची करताय की आम्हा दोघांची?" खजिनदार मावशी म्हणाल्या, "त्यांची. तुम्ही आलात तर आनंद. नाही आलात तर आम्ही हजेरी घेणार नाही." मग पाळकनिवासात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते त्यांनी विचारलं. चार-पाच दिवसांनी, असं सांगितल्यावर टाकी किती लिटरची ते विचारलं.

चौकशीसाठी त्यानं तीन नंबर दिले होते. मी पाच जणांना फोन केला, दोन त्यानं न दिलेले. तिघांनी स्तुती केली. चौथा जुन्या मंडळीचा खजिनदार होता. तो म्हणाला, माणूस सोन्यासारखा, पण कागदपत्रांत ढिला. बाप्तिस्म्याचे दाखले आठ-आठ महिने द्यायचा नाही. पाचव्यानंही तेच सांगितलं. मी त्याला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, खरं आहे, मला कुणीतरी मागं लागणारं लागतं. हे आम्ही मतदानाआधी मंडळीला जसंच्या तसं सांगितलं. दोन्ही उपासनांचं काय, हेही त्याला सगळ्यांसमोर विचारलं, दोन्ही भाषांत. तो म्हणाला, पहिली दोन वर्षं काहीच बदलणार नाही, महिन्यातला एक रविवार सोडून. तिसऱ्या रविवारी दोघे एकत्र. पुढचं पुढं.

मतदानाआधी दोन गोष्टी लिहून ठरवल्या. कोरी चिठ्ठी मोजायची नाही. आणि घटनेत तीन-चतुर्थांश असलं तरी ८५ टक्क्यांच्या खाली आलं तर समिती बोलावणं पाठवणार नाही. फेब्रुवारीत मतदान झालं. १३१ चिठ्ठ्या : १२१ होय, ८ नाही, २ कोऱ्या.

कागद

एप्रिलमध्ये नवे पाळक राहायला आले, आणि आमच्या लक्षात आलं की मे महिन्यात मंडळीत दोन लग्नं आहेत. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे बिशपकडून दीक्षा मिळालेल्या पाळकाला वेगळा परवाना लागत नाही, आमच्यासारख्यांच्या पाळकाला राज्य सरकारकडून घ्यावा लागतो. कर्नाटकातला परवाना महाराष्ट्रात चालत नाही. सोळा महिने आम्ही पाळक शोधत होतो आणि ही एक ओळ कुणाच्याच यादीत नव्हती, माझ्याही. शेवटी शेजारच्या मंडळीतल्या, बिशपची दीक्षा असलेल्या पाळकांना विनंती केली. ते आले. कायद्यानं लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत लागावं लागतं. दुसऱ्या लग्नात नवरीच्या मेकअपला इतका वेळ लागला की पावणेसातला वचनं म्हणवून घेतली.

घटनेप्रमाणे मुख्य पाळक हे पदसिद्ध विश्वस्त, त्यामुळे धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्टही (विश्वस्त बदलल्याची नोंद) ९० दिवसांत द्यायचा होता. त्यांच्या सह्या घ्यायला मी तीन चकरा मारल्या. ढिला आहे, हे आम्हाला सांगितलंच होतं.

दहाच्या उपासनेतली चार घरं गेली. त्यांचं म्हणणं, उपदेश लांबतो. ते खोटं नाही. तिसऱ्या रविवारी एक भजन तेलुगूत, एक मराठीत होतं आणि उपदेश दोघं मिळून करतात, नवे पाळक मराठीत आणि अय्यगारू तेलुगूत. त्यामुळे तो आणखी लांबतो. अर्पण ५८ हजारांवर आलंय, ६२वर अजून नाही. लोकांनी नव्या पाळकांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. साडेसातचे पाळकसाहेब म्हणायला लागलेत आणि दहाची काही पोरं, मस्करीत का होईना, अय्यगारू.

जूनच्या पहिल्या रविवारी बाप्तिस्मा होता, सहा जणांचा. पुलपिटासमोरच्या फळ्या उचलल्या की खाली हौद आहे, आठ फूट बाय पाच, खोली चार फूट. भरायचा तर साडेचार हजार लिटर पाणी लागतं आणि नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते. टँकर सांगितला होता, पाच हजार लिटरचा. शनिवारी संध्याकाळी तो आला तेव्हा निम्म्याहून जास्त रिकामा होता. वाटेत कुठं ओतला ते ड्रायव्हरनं सांगितलं नाही. पाणी दीड-पावणेदोन फुटांवर थांबलं. सकाळी साडेसातची माणसं घरून कळशा घेऊन आली, दहाची बाटल्या आणि बादल्या. तरी दोन फुटांच्या वर गेलं नाही.

पाळकसाहेब म्हणाले, चालेल, गुडघ्यावर बसून घेऊ. पहिली मुलगी गुडघ्यावर बसली, त्यांनी पाठीला हात लावून तिला मागं नेलं, पाण्याखाली घेतलं आणि वर काढलं. अध्यक्ष डीकन पुढच्या बाकावरून उठून हौदाच्या काठाशी आले, चष्मा सावरत वाकले.

"कपाळ कोरडं राहिलं," ते म्हणाले. "परत घ्या."

परत घेतलं.